चुन्याचा गिलावा: भिंत तपासण्यापासून शेवटच्या घोटाईपर्यंत

भिंतीला काहीतरी खास करायचं ठरलं की बहुतेक जण दुकानातल्या नमुन्यांपासून सुरुवात करतात. एखादा रंग आवडतो, चौरस फुटाचा दर ठरतो, कारागीर येतो, चार दिवसांत हॉल चकाचक होतो. दोन पावसाळे गेले की खालच्या फूट-दीड फुटात पोपडे दिसू लागतात आणि शिव्या बसतात त्या वरच्या फिनिशला. खरा दोष बहुतेक वेळा त्याच्या मागच्या इंचभर जागेत असतो. तिथे ओल असते, खार असतो, जुना प्लॅस्टिक पेंट असतो, नाहीतर घाईत ओढलेला कच्चा गिलावा असतो.

म्हणून इथे फिनिशची पाळी सगळ्यात शेवटी येईल. उदाहरण म्हणून चुना घेतला आहे, कारण सजावटी गिलाव्याचे बहुतेक जुने प्रकार चुन्यावरच उभे आहेत. राजस्थानातला आरायश, मोरोक्कोतला तादेलाक्त, इटलीतला व्हेनिसचा स्टको, गोवा-सिंधुदुर्गातली तांबड्या-पांढऱ्या नक्षीची कावी आणि आपल्या गवंड्यांच्या तोंडी असलेलं नीरू, ही सगळी एकाच सामानाची वेगवेगळी वागणूक आहे. आत घोटीव चुना, पडवीत कावीसारखी नक्षी आणि बाहेर खरबरीत गिलावा अशी तीन कामं आपण पाहू.

भिंत कोणती आहे?

दगड, जांभ्याचे चिरे, जुन्या विटा किंवा माती, आणि सांध्यांत चुना नाहीतर माती, ही झाली जुनी भिंत. कोकणातली घरं आणि देशावरचे वाडे यात येतात. अशा भिंतीत जमिनीतून थोडी ओल चढणारच. ती पृष्ठभागावरून उडून जाते, म्हणून भिंत टिकते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवला की ओलीची वाट बंद होते. मग ती आणखी वर चढते, बरोबर आणलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि एक दिवस ताटाएवढा तुकडा खाली येतो. इथे खालपासून वरपर्यंत चुनाच हवा. 'मजबुतीसाठी थोडं सिमेंट' हा मोह टाळा.

सिमेंटमध्ये बांधलेल्या विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीला इतकं सोवळं नाही. तिथे १ भाग सिमेंट, १ भाग चुना आणि ६ भाग वाळू असा मिश्र गिलावा उत्तम बसतो. नुसत्या सिमेंटपेक्षा तो कमी तडकतो, हाताखाली मऊ चालतो आणि त्यावर चुन्याचा शेवटचा थर चांगला धरतो. काँक्रीटचे कॉलम-बीम गुळगुळीत असतात. त्यांना छिन्नीने टाचे मारल्याशिवाय त्यांच्यावर काहीही धरत नाही.

आता चार तपासण्या. कशालाही पैसे लागत नाहीत.

बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने भिंत ठोकत जा. जिथे बोदा आवाज येईल तिथे खडूने खूण करा. तो भाग सुटलेला आहे, काढावाच लागेल.

ओंजळभर पाणी मारा. झटकन शोषलं तर भिंत तहानलेली आहे, गिलाव्याआधी भरपूर भिजवावी लागेल. थेंब मोत्यासारखे ओघळले तर वर प्लॅस्टिकचा किंवा तेलाचा रंग आहे. चुना त्यावर धरणार नाही, रंग खरवडावाच लागेल.

दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दिवसभर ठेवा. थेंब भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे आणि खोलीत वारा खेळवण्याची गरज आहे.

पांढरी भुकटी दिसली तर कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. ती पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. लोणा लागलेला गिलावा ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकावा.

ओलीचा बंदोबस्त

चुना ओल सहन करतो, पण गळती थांबवत नाही. पलीकडे न्हाणीघर असेल तर नळजोड आणि फरशीचे सांधे आधी बघा. तळाशी एकसारखा पट्टा असेल तर बाहेरची जमीन किंवा अंगणातली फरशी जोत्याच्या वर चढली आहे का ते बघा. अंगणात दर काही वर्षांनी भर घालायची आपल्याला सवय आहे. त्यात जोतं गाडलं जातं आणि मग भिंतीला दोष जातो. जमीन उतरवून भिंतीपासून पाणी लांब नेणारा उतार दिला तरी अर्धी ओल जाते. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंती पावसाचा मारा खातात, तिथल्या खिडक्यांचे छज्जे आणि पागोळ्या तपासा.

कारण दूर केल्यावर भिंत एक उन्हाळाभर उघडी ठेवता आली तर सगळ्यात छान. घाई असेल तर निदान प्लॅस्टिकची तपासणी कोरडी येईपर्यंत थांबा. थांबायचंच नसेल तर सजावटीचे पैसे वाचवून साधी चुन्याची सफेदी करा.

हंगामाचं म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंत हे काम उत्तम होतं. चैत्र-वैशाखात गिलावा बाहेरून वाळतो आणि आतून कच्चा राहतो. पावसाळ्यात बाहेरचं काम करूच नये. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो, आणि त्यासाठी त्याला दमटपणाही लागतो नि मोकळे रंध्रही. अगदी कोरडा झाला तरी ही क्रिया थांबते, चिंब राहिला तरी थांबते. चांगल्या परिस्थितीतही ती साधारण महिन्याला मिलिमीटरभर आत सरकते. चुन्याच्या कामाला घाई का चालत नाही, ते यावरून समजेल.

चुना विरवणं

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना करत. तो पाण्यात घातला की विरतो आणि लोण्यासारखा लगदा होतो. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिले आहेत. सजावटी थरासाठी त्यातला 'क' वर्गाचा, म्हणजे शुद्ध, भरपूर फुगणारा चुना लागतो. पाण्याखाली स्वतःहून घट्ट होणारे 'अ' आणि 'ब' वर्ग पायाच्या आणि ओलसर जागेच्या कामाचे.

आधी सुरक्षा. विरताना पाणी खळाखळा उकळतं आणि शिंतोडे उडतात. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. पानाच्या चुन्याची पुडी फुटून मुलांच्या डोळ्याला इजा झाल्याची प्रकरणं डोळ्यांच्या डॉक्टरांना नवी नाहीत. म्हणून बंद चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवा. डोळ्यात गेलाच तर निदान १५ ते २० मिनिटं पाण्याची धार धरायची आणि तडक दवाखाना गाठायचा. मुलं, कुत्री, मांजरं जवळ नकोत.

लोखंडी पिंप घ्या, प्लॅस्टिकचं वितळतं. आधी पाणी, मग चुना, हा क्रम कधीच उलटा करू नका. चुन्याच्या घनफळाच्या तिप्पट पाणी घेऊन त्यात कळ्या थोड्या थोड्या सोडा आणि लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत राहा. उकळी शांत झाली की बारीक जाळीतून गाळून दुसऱ्या पिंपात घ्या. जाळीत उरलेले खडे फेकून द्या. तेच पुढे भिंतीत विरतात आणि फुटाण्यासारखे उडून खड्डे पाडतात. लगद्यावर चार बोटं पाणी राहू द्या. खालच्या थरांसाठी दोन आठवडे पुरेत. शेवटच्या घोटीव थरासाठी तीन महिने मुरला तर फरक हातालाच कळतो. थापीला चिकटून राहील, पण गळणार नाही, असा तो झाला पाहिजे.

इतकं जमणार नसेल तर बाजारात पिशवीतली विरलेल्या चुन्याची पूड मिळते. ती वापराआधी निदान एक दिवस पाण्यात भिजत घाला. पिशवी जुनी असेल तर आधी चमचाभर पुडीवर व्हिनेगर टाका. जोरात फसफसलं तर हवा लागून तिचा परत खडू झाला आहे, गिलाव्याला ती निरुपयोगी.

वाळू, सुर्खी आणि बाकीचं

चुन्याचं कौतुक सगळे करतात, पण गिलाव्याचा सांगाडा वाळूच असते. ती टोकदार आणि लहानमोठ्या कणांची हवी. एकसारखी बारीक वाळू घेतली तर तडे ठरलेलेच. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ आयुष्यभर ओल खेचत राहील. हल्ली नदीची वाळू मिळणं अवघड, त्यामुळे दगड फोडून केलेली प्लॅस्टर सँड वापरतात. चालते, पण तिच्यातली भुकटी धुऊन घ्या. तपासायला काचेच्या उभट बाटलीत निम्मी वाळू आणि मिठाचं पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पुन्हा धुवा.

प्रमाण घोकण्यापेक्षा मोजून काढा. एक लिटर कोरडी वाळू डब्यात भरा आणि वाळूच्या काठापर्यंत पाणी येईपर्यंत मापाने पाणी ओता. जेवढं पाणी मावलं तेवढी कणांमधली पोकळी, आणि तेवढाच चुन्याचा लगदा लागणार. बहुतेक वेळा हे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास येतं, म्हणून १ चुना आणि ३ वाळू हे प्रमाण रूढ झालं. चुना वाढवला की गिलावा भक्कम होतो ही समजूत चुकीची आहे. जास्तीचा चुना आकसतो आणि भिंतीवर केसांसारख्या भेगांचं जाळं उठतं.

ओलसर जागी वाळूचा काही भाग काढून सुर्खी घाला. १ चुना, १ सुर्खी, २ वाळू हे प्रमाण चालतं. सुर्खी म्हणजे कमी भाजलेल्या मातीच्या विटांची पूड. तिची चुन्याशी रासायनिक क्रिया होते आणि ओलीतही गिलावा घट्ट होतो. कडक भाजलेल्या विटांच्या पुडीला हा गुण नसतो.

गूळ, हिरडा, बेलफळ, मेथी, उडीद यांच्याबद्दल खूप विचारलं जातं. जुन्या बांधकामात हे पदार्थ वापरत, यात शंका नाही. गुळाच्या पाण्याने गिलावा जास्त वेळ मऊ राहतो, गरात आणि डाळीत चिकटपणा असतो. पण प्रमाण वाढलं की बुरशी आणि मुंग्या येतात. हात बसलेला कारागीर असेल तरच या वाटेला जा. नसेल तर चांगला मुरलेला चुना आणि धुतलेली वाळू त्यांच्यापेक्षा जास्त काम करतात. तंतू मात्र जरूर घाला. कातरलेला ताग किंवा काथ्या, बोटाच्या दोन पेरांएवढा, घमेल्यामागे सैल मूठभर. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात वनस्पतींचे तंतू आहेत आणि वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. तंतू ओला गिलावा धरून ठेवतात, आकसताना पडणारी भेग त्यांच्याशी अडते.

हिशोबासाठी: १०० चौरस फुटांवर १२ मिलिमीटर जाडीचा थर द्यायला नासाडी धरून सुमारे ५ घनफूट वाळू आणि ४५ ते ५० लिटर लगदा लागतो.

मिश्रण जितकं मळाल तितकं चांगलं. किल्ल्यांवर दगडी चाकाचा चुन्याचा घाणा दिसतो, तो यासाठीच. बैल ते चाक गोल चरात फिरवत. आज त्या जागी छोटा ग्राइंडर मिळाला तर उत्तम, नाहीतर फावड्याने उलथून, दांडक्याने चेचून मळा. कोरडं वाटलं तरी लगेच पाणी ओतू नका. मळत राहिलं की लगदाच पाणी सोडतो.

खालचे थर

१. सांधे अर्धा इंच खोल खरवडा. धूळ ब्रशने काढा. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी कोंबडीजाळी ताणून खिळ्यांनी बसवा. वायरिंगच्या आणि नळांच्या खाचांवरही जाळी हवी. त्या खाचा आत्ताच पक्क्या भरा. गिलावा झाल्यावर इलेक्ट्रिशियनला भिंत फोडू देणार असाल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

२. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी भिंतीवर पाणी मारा. गिलावा लावताना भिंत दमट हवी, पण वर पाण्याची चमक नको.

३. पातळसर मिश्रण थापीने फटकारून पहिला खरबरीत थर मारा. तो सारखा करू नका, पुढच्या थराला धरायला तोच लागतो.

४. दोन-तीन दिवसांनी ओळंबा आणि दोरी लावून चार-पाच फुटांवर ठिय्ये, म्हणजे थराची जाडी ठरवणारे गिलाव्याचे ठिपके, द्या. ठिय्यांच्या मध्ये १० ते १२ मिलिमीटरचा थर भरा आणि पट्टीने ओढून घ्या. एका वेळी यापेक्षा जाड थर देऊ नका. भिंत फार वाकडी असेल तर खळगे आधी वेगळे भरा.

५. गिलावा आवळू लागला, म्हणजे अंगठा दाबला की ठसा उमटतो पण बोट आत जात नाही, तेव्हा लाकडी रंध्याने, म्हणजे मुठीच्या सपाट फळीने, गोल गोल दाबून घ्या. ही पायरी गवंडी टाळतात. बारीक भेगा इथेच मिटतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा घ्या. शेवटी खिळ्यांच्या फळीने तिरक्या रेघा ओढून ठेवा.

६. ओलं गोणपाट लटकवा आणि आठवडाभर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा बारीक फवारा मारा. पंखा आणि थेट ऊन नको.

नखाने रेघ ओढली तर वाळू झडू नये, इतका कडक होईपर्यंत पुढे जाऊ नका. दोन आठवडे ते महिनाभर धरून चाला. मिश्र सिमेंटचा गिलावा लवकर घट्ट होतो, पण त्यालाही ७ दिवस पाणी हवंच.

घोटीव चुना

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते काम. मुंबई-पुण्याच्या साध्या इमारतींत नीरू म्हणून जो पांढरा हात देतात तो याचाच गरीब भाऊ. सिमेंटच्या ओल्या गिलाव्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर चुना फिरवून मोकळे होतात. घोटीव कामात तीन पातळ थर असतात.

पहिला थर १ लगदा आणि दीड भाग बारीक संगमरवरी चुरी, दोन मिलिमीटर. दुसरा १ लगदा आणि १ संगमरवरी पूड, मिलिमीटरभर. तिसरा जवळजवळ नुसता लगदा, मूठभर अगदी बारीक पूड घालून, कागदाएवढा. आदला थर आवळलेला पण दमट असतानाच पुढचा द्यायचा. म्हणून भिंतीचा एक अख्खा भाग, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकाच दिवशी संपेल एवढीच माणसं आणि एवढंच सामान घ्या. मध्येच थांबलात तर जोड कायमचा दिसतो. जेवणाची सुट्टी पाळीपाळीने.

घोटाईची वेळ ओळखणं ही खरी कसब. बोटाचं पेर हलकेच टेकवा. चुना बोटाला लागला तर थांबा. थंडगार लागला पण बोट कोरडं राहिलं तर सुरू करा. स्टीलचा गुरमाळा, म्हणजे गुळगुळीत सपाट थापी, किंचित तिरपा धरून, आधी हलका आणि मग वाढत्या दाबाने, छोट्या फटक्यांत फिरवायचा. काळे ओरखडे उमटले तर पातं साफ करा, आणि चुना फार वाळला आहे का तेही बघा. मग गुळगुळीत अकीक किंवा नदीतला गोटा घेऊन घोटा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही दमटपणा असेपर्यंत घोटता येतं.

न्हाणीघराच्या किंवा ओट्यामागच्या भिंतीला शेवटी साबणाचं पाणी द्या. खोबरेल किंवा ऑलिव्ह तेलाचा साधा साबण किसून कोमट पाण्यात विरघळवा, मऊ ब्रशने लावा आणि लगेच गोट्याने घोटा. साबणातली स्निग्ध आम्लं चुन्याशी मिळून पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. माराकेशच्या हमामांतला तादेलाक्त यावरच टिकतो. डिटर्जंटची पावडर यासाठी चालत नाही, ती साबण नव्हे. शॉवरच्या थेट धारेखाली हे काम पहिल्यांदाच करून बघू नका. वॉशबेसिनमागच्या चार फुटांपासून सुरुवात करा.

रंग

चुना तीव्र अल्कली असल्यामुळे त्यात सगळे रंग टिकत नाहीत. गेरू, काव, पिवळी माती, लोहाचे तांबडे-पिवळे-काळे ऑक्साइड आणि काजळी हे भरवशाचे. हळद घालून पिवळी भिंत करू म्हणाल तर ती लाल होईल. हळदीला चुना लावूनच कुंकू करत आले आहेत. शिवाय तो लाल उन्हात उडून जाईल. रंग लगद्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. पाण्यात कालवून, कापडाने गाळून मगच मिसळा. ओला दिसतो त्याहून वाळल्यावर तो बराच फिका होतो. म्हणून त्याच भिंतीच्या दाराआडच्या भागात दोन फुटांचा नमुना करा आणि आठवडाभराने दिवसाउजेडी आणि दिव्याखाली बघा. संपूर्ण भिंतीचा रंग एकाच वेळी कालवा. दुसऱ्या दिवशी तशीच छटा जुळत नाही.

पडवीसाठी कावी

गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर तांबड्या-पांढऱ्या वेली, मोर, देवादिक दिसतात. पेडण्यातल्या मोरजीच्या मोरजाई मंदिरात अशी कावी आहे. ही चित्रं रंगवलेली नाहीत, खरडलेली आहेत. पांढऱ्या चुन्यावर हुरमुंजाचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, थर असतो. तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडून खालचा पांढरा दाखवतात. रंग गिलाव्यातच असल्यामुळे पाऊस-वाऱ्यातही टिकतो. हे काम हौशी माणसालाही जमण्यासारखं आहे. तीन-चार फुटांचा चौकोन घ्या.

पक्क्या खालच्या थरावर तीन मिलिमीटर पांढरा थर द्या, १ लगदा आणि दीड भाग पांढरी बारीक चुरी. तो आवळला की गाळलेल्या लगद्यात गेरू किंवा लोहाचा तांबडा ऑक्साइड मिसळून दीड मिलिमीटरचा थर द्या आणि गुरमाळ्याने सारखा करा. नक्षीचा कागद आधीच तयार हवा. रेघांवर सुईने भोकं पाडून ठेवायची. कागद भिंतीला लावून खडूच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटली की ठिपके उमटतात. फुलं-चक्रं काढायला पोलादी टोकांचा कंपास घ्या. ठिपके जोडत तांबडा थर सळईने खरवडा, मोठ्या जागा चपट्या पात्याने उघडा. कडा तिरक्या ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. चुरा फुंकून किंवा मऊ कुंचल्याने काढा, बोटाने पुसलात तर पांढऱ्यावर गुलाबी डाग पडतात. हाताशी सात-आठ तासच असतात. त्यामुळे पहिल्या खेपेला मोर नको, भूमितीची वेल पुरे.

बाहेरच्या भिंती

बाहेर गुळगुळीत आणि चकचकीत काही करू नका. खरबरीत पृष्ठभागावर पाण्याची धार मोडते आणि बारीक भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. सिमेंटच्या इमारतींना आपण करतो तो सँडफेस गिलावा याच विचाराचा. साधारण २० मिलिमीटर दोन हातांत, वरचा हात जाडसर वाळूचा, आणि शेवटी ओल्या स्पंजने दाणा उघडायचा. जुन्या भिंतीवर हेच काम चुना-सुर्खीत करा.

गिलाव्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी कुठे पडतं. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीपर्यंत चालत येतं. गच्चीच्या कठड्याच्या माथ्याला आतल्या बाजूला उतार द्या, गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यात वाटा, म्हणजे गोलसर भराव, भरा. गिलावा जमिनीला टेकवू नका. जोत्यावर दगड किंवा वेगळा पट्टा ठेवा, तो दर काही वर्षांनी बदलता येतो.

वर चुन्याची सफेदी द्यायची असेल तर ती दुधाइतकी पातळ करा, चार हात द्या आणि प्रत्येक हाताआधी भिंत दमट करा. दाट एकच हात दिला की कपड्याला पांढरं लागतं. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीला बाहेरून चांगला अॅक्रिलिक रंग देणं व्यवहाराचं आहे, तिथे चुन्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. दगडमातीच्या घराला मात्र तो रंग विषासारखा.

तयार फिनिश आणि पीओपी

दुकानात 'स्टको' नावाने मिळणारं बरंचसं सामान अॅक्रिलिक लगद्याचं असतं. दिसायला झकास, कोरड्या हॉलमध्ये काही वाईट नाही, पण ते चुन्यासारखं वागत नाही. डब्यावरचे घटक वाचा. खऱ्या चुन्याचं तयार मिश्रण पुट्टी केलेल्या किंवा जिप्समच्या भिंतीवर द्यायचं असेल तर त्याच कंपनीचा वाळू मिसळलेला प्रायमर आधी लावा. गुळगुळीत पुट्टीवर नुसता चुना सुटतो.

पीओपी, म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस, हे भाजलेलं जिप्सम असतं. त्याचे कंगोरे घराच्या आतच ठेवा. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं. आणि पीओपी कधीही सिमेंटमध्ये कालवू नका. लवकर घट्ट होतं म्हणून काही कामगार तसं करतात, पण ओल मिळाली की दोघांच्या क्रियेतून फुगणारे स्फटिक तयार होतात आणि काम उकलतं.

बिघडलं तर

जाळीसारख्या भेगा पहिल्या दोन दिवसांत दिसल्या तर पाणी शिंपडून रंध्याने दाबा. वाळल्यावर दिसल्या पण आवाज भरीव असेल, तर त्यांत पातळ चुना भरून घ्या. हात फिरवला की भुकटी निघते, याचा अर्थ गिलावा लवकर वाळला. महिनाभर अधूनमधून बारीक फवारा मारून पाहा. वाटाण्याएवढे खड्डे उडाले तर न विरलेले खडे राहिले होते. ते संपेपर्यंत थांबा, मग एकदमच भरा. मोठा भाग बोदा वाजत असेल तर तो काढण्याला पर्याय नाही, वरून स्क्रू मारून किंवा गोंद भरून दिवस ढकलू नका.

गवंड्याशी बोलणी

खालचा गिलावा चौरस फुटावर द्यायला हरकत नाही. घोटाई मात्र उक्ती देऊ नका, रोजावर द्या. दर फुटावर ठरला की माणूस वेळ येण्याआधीच गुरमाळा फिरवतो, आणि त्याचं चूक नाही, त्याला पुढचं काम गाठायचं असतं. नमुना पसंत पडल्यावरच काम सुरू होईल, नमुन्याचे पैसे वेगळे मिळतील, आणि थरांमधल्या थांबण्याच्या दिवसांत त्यांनी दुसरीकडे कामाला जायला हरकत नाही, एवढं आधी बोलून ठेवा. चुन्याचं काम केलेला गवंडी मिळाला नाही तर चांगला सँडफेस मारणारा शोधा. रंध्यावरचा त्याचा हात बसलेला असतो, घोटाई तो शिकू शकतो.

काम संपल्यावर शेवटच्या थराचा रंगीत लगदा निदान दोन लिटर ठेवून द्या. वर बोटभर पाणी, घट्ट झाकण, आणि डब्यावर रंगाचं प्रमाण, खोलीचं नाव नि तारीख लिहा. पाण्याखाली तो वर्षानुवर्षं टिकतो. टेबलाचा कोपरा लागून टवका उडाला की ती जागा भिजवा, बोटाने लगदा भरा आणि चमच्याच्या पाठीने घोटा.